रामाकोन्याची खबर

पांढुर्णा,
१२ ऑगस्ट २०२४

ती. बाबांना मृणालचा प्रभूत सलाम. वि. वि.

फोन लावला की तुमचं कानातलं यंत्र शिट्ट्या मारते, आणि मोबाईलवरचा मेसेज तुम्ही पुंडलिककाकांकडून वाचून घेता. ही बातमी काकांच्या तोंडून तुम्हाला कळू नये, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे अडीच महिन्यांची पाहुणी आली आहे. आमच्या शाळेत पोरांचा स्वयंपाक करणारी छाया तुम्हाला आठवत असेल. बाळंतपणानंतर तिचं हृदय फार कमजोर झालं. नागपूरच्या दवाखान्यात ठेवलं आहे. डॉक्टर म्हणतात, आशा ठेवा, पण खात्री देत नाहीत. तिचा नवरा कवडू संत्रा मंडीत हमाली करतो. त्याच्या घरात दुसरं बाईमाणूस नाही, आणि छायाची आई तिकडे रामाकोन्याला एकटी, गुडघ्यानं अधू. परवा तो पोरीला घेऊन दारात उभा राहिला. मॅडम, छाया बरी होईपर्यंत इले ठेवता का, म्हणाला.

लग्नाला अकरा वर्षं झाली. आम्ही देवाजवळ काय मागतो ते तुम्हाला माहीत आहे. पंकजनं मला आत नेऊन सांगितलं की हे आपलं मागणं नव्हे, ही दुसऱ्याची लेक आहे, हे विसरणार नसशील तर हो म्हण. मी हो म्हटलं. विसरणार नाही असंही म्हटलं.

पोरीचं नाव उर्वशी. पंकज तिला भजन म्हणून झोपवतो. ती झोपते की कंटाळून डोळे मिटते, ते अजून कळलं नाही.

गोळ्या वेळेवर घ्या. आमच्यावरची माया अशीच राहू द्या.

तुमची,
मृणाल

सौंसर,
१८ सप्टेंबर २०२४

चि. सौ. मृणालला तुझ्या बाबाचे भरून आशीर्वाद. वि.

पत्र पोचलं. काकालाही वाचून दाखवलं, कारण तो पोस्टमनच्या मागंमागंच आला. मी बाविसाव्या वर्षी ख्रिस्ती झालो तेव्हापासून हा माझा थोरला भाऊ मला विचारून राहिला की दत्तू, तुझा देव काय म्हणते. या वेळी म्हणाला, तुझ्या देवाला सांग, पोरीचा हिशेब नीट ठेव.

छायाला आता दवाखान्यातून माहेरी रामाकोन्याला आणलं आहे. तू पत्रात गाव कळवलं होतं, म्हणून मंगळवारी बसनं जाऊन आलो. ती खाटेवर भिंतीला टेकून होती. दोन वाक्यं बोलली की दम लागते. मी तिला विचारलं, तुझ्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का. ती म्हणाली, बाबाजी, ज्या देवाची येत असेल त्याची करा. आता दर मंगळवारी जात जाईन. तू तिकडे लेकीला सांभाळ, मी इकडे मायची खबर देत जाईन.

तुझ्या बाबाला विसरू नको.

दत्तात्रय

पांढुर्णा,
८ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांना सलाम. वि. वि.

तुमच्या चारही पत्रांतून छाया बरी होऊन राहिली. अंगणापर्यंत आली, मग विहिरीपर्यंत, आता बसून भाजी चिरते. इकडे उर्वशी पालथी होते, माझी वेणी ओढते, आणि मी शाळेतून आले की हातपाय झाडते. पंकजनं तिच्यासाठी वॉकर आणला. ही दुसऱ्याची लेक आहे असं मला बजावणारा हाच माणूस, तो वॉकर तीन दिवस कपाटामागं लपवून होता.

दिवाळीत आम्ही तिला रामाकोन्याला नेलं ते तुम्ही पाहिलंच. एक गोष्ट तुम्ही पाहिली नाही, तेव्हा तुम्ही बाहेर कवडूशी बोलत होता. छायानं हात पुढं केले. उर्वशीनं तिच्याकडे पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि माझ्या खांद्यात डोकं खुपसलं. छाया हसली. म्हणाली, बरोबर आहे तिचं, मी कोण तिची. मग भिंतीकडे तोंड करून पदर नीट करत बसली, फार वेळ.

बाबा, मला तेव्हा आनंद झाला. हे तुमच्याशिवाय कोणाला लिहू?

मी रोज सकाळी छायासाठी प्रार्थना करते. प्रभू, तिला बरं कर, असं म्हणते. तुम्ही शिकवलं म्हणून म्हणते. पण शब्द तोंडात असतात आणि मन उलट्या दिशेनं चालतं. परवा तुमचं पाकीट आलं तर उघडायचा धीर झाला नाही, तिथं चांगली बातमी असेल म्हणून. देव तोंडातलं ऐकतो की मनातलं? मनातलं ऐकत असेल तर मी त्या बाईचा घात करून राहिली. आणि काहीच ऐकत नसेल, तर अकरा वर्षं मी कोणाशी बोलत होते?

उत्तर लवकर लिहा. रागावणार असाल तरी लिहा.

मृणाल

सौंसर,
१६ नोव्हेंबर २०२४

चि. मृणालला आशीर्वाद. वि.

रागावलो नाही. तुझं पत्र खिशात घेऊन दोन दिवस फिरलो.

तुझी आई गेली त्या वर्षाची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तिच्यासाठी आम्ही सगळ्यांनी किती प्रार्थना केली ते तू पाहिलं. ती गेल्यावरही मी दर रविवारी प्रार्थनागृह उघडत होतो, सतरंज्या झटकत होतो, लोकांपुढं उभा राहून प्रार्थना म्हणत होतो. आणि आठ महिने मला एकदाही वाटलं नाही की पलीकडे कोणी आहे. किल्ली माझ्याकडे होती म्हणून जात होतो. त्याला विश्वास म्हणतात की सवय, मला माहीत नाही. नवव्या महिन्यात काही चमत्कार झाला असंही नाही. हळूहळू बोलणं पुन्हा सुरू झालं, रुसलेल्या माणसांचं होते तसं.

येशू प्रभूनंही मरणाच्या आदल्या रात्री बागेत आधी स्वतःला काय हवं तेच सांगितलं, की हे मरण टळू दे. मग स्वर्गातल्या बापावर सोडलं. तू पहिलं लपवून दुसरं म्हणून राहिली, म्हणून तुझे शब्द जड झाले. त्याला सरळ सांग की मला ही पोरगी पाहिजे. छायाचा घात त्यानं होणार नाही. आपल्या वाईट इच्छेनं माणसं मरत असती तर सौंसरात कोणी उरलं नसतं.

आणि तिच्यासाठी मागणं थांबवू नको. मन येवो न येवो.

बाबा

सौंसर,
२० डिसेंबर २०२४

चि. मृणालला आशीर्वाद. वि.

काकाच्या मळ्यातली आंबिया बहाराची संत्री बसच्या ड्रायव्हरजवळ पाठवली आहेत. वरची आधी खा, खालची चार दिवस टिकतील. थंडी बरीच आहे. नाताळच्या गाण्यांची तयारी चालली आहे, बोरगावची मंडळीही येणार आहेत. उर्वशीला संत्र्याचा रस द्यायचा की नाही ते डॉक्टरांना विचारून घे. तिला दात आला का? पंकजला आशीर्वाद.

बाबा

पांढुर्णा,
२ जानेवारी २०२५

ती. बाबांना सलाम. नवीन वर्ष सुखाचं जावो.

संत्री गोड होती. दात एक आला, खालचा.

बाबा, तुमच्या डिसेंबरच्या दोन्ही पत्रांत छायाचा शब्द नाही. सुरुवातीला मी बरं मानलं, आणि मुद्दामच विचारलं नाही. आता विचारते. रामाकोन्याची खबर काय?

मृणाल

सौंसर,
७ जानेवारी २०२५

चि. मृणालला. वि.

दहा डिसेंबरला मी गेलो तेव्हा छाया पाणी भरून येत होती. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की हृदय सुधारलं, गोळ्या सोडायच्या नाहीत, पण लेकरू सांभाळायला हरकत नाही. तिनं मला चहा दिला आणि म्हणाली, बाबाजी, मॅडमनं एवढं केलं, मी कोणत्या तोंडानं पोरगी मागू, तुम्हीच लिहा.

मी घरी येऊन लिहायला बसलो आणि लिहिलं नाही. तुझा चेहरा दिसत होता. नाताळ तरी होऊ दे, असं स्वतःला सांगितलं. पुढच्या मंगळवारी गेलो तेव्हा तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं, विचारलं नाही. त्यानंतर मी गेलोच नाही. लोकांना आज्ञा पाळायला सांगणारा तुझा बाप एका आजारी बाईला चार आठवडे वाट पाहायला लावून बसला.

तुझं पत्र आलं तसा आज सकाळच्या बसनं गेलो आणि तिला सगळं खरं सांगितलं. माफी मागितली. तिनं चुलीतली लाकडं आत सारली. मग म्हणाली, मॅडमबी तुमची लेकच आहे ना. रागावली असती तर बरं झालं असतं.

आता तुझीही माफी मागतो. जे करायचं ते तुला ठाऊक आहे. मी सांगायच्या लायकीचा राहिलो नाही.

बाबा

रामाकोना,
२३ जानेवारी २०२५

माझ्या बाबांना सलाम. वि. वि.

दोन दिवस तुमच्यावर फार रागावले होते. मग लक्षात आलं की तुमची पत्रं वाचून मलाही संशय आला होता, आणि मीही आठ-दहा दिवस गप्प राहिले. तुम्ही माझ्यासाठी केलं, मी स्वतःसाठी. तेव्हा लायकीचं नंतर पाहू. दोघंही प्रार्थनागृहात मागच्या सतरंजीवर बसू.

चौदा तारखेला पोरीला घेऊन इथं आले. पंकज सोडायला आला होता. त्यानं वॉकर अंगणात ठेवला, उर्वशीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बसची वेळ झाली नसतानाही निघून गेला. हातात देऊन लगेच निघायचं असं मीही ठरवलं होतं. पण पोरीनं इतका आकांत केला की छायाच घाबरून तिला परत माझ्याकडे देऊ लागली. म्हणाली, मॅडम, घेऊन जा, तुमच्यापाशीच सुखात राहील.

बाबा, मी मागितलेलं सगळं त्या वेळी माझ्यापुढं धरलेलं होतं, आणि तिची माय स्वतःच्या तोंडानं देत होती. मी मनात म्हटलं, प्रभू, मला ही पाहिजे. जसं तुम्ही सांगितलं तसं, सरळ. उत्तर काही आलं नाही. मी छायाला म्हटलं, आज ती तुले ओळखत नाही, ओळखेल तोवर मी इथं राहते. शाळेत रजेचा अर्ज पाठवला.

पहिले दोन दिवस पोरगी माझ्या मांडीवर, छाया भरवणार. मग छायाच्या मांडीवर, आणि मी समोर बसून टाळ्या वाजवणार. मग मी दारात. परवा मी विहिरीवर धुणं घेऊन गेले आणि मुद्दाम उशिरा आले. छायाची आई म्हणते, असं वासरू गाईला लावतात ते पाहिलं होतं, एका बाईनं दुसरीला लेकरू लावताना पहिल्यांदा पाहून राहिली. मला हसू आलं. तिकडे विहिरीवर मात्र फार रडले.

तुम्ही विचाराल, विश्वास कसा आहे. सकाळी असतो, दुपारी नसतो. देवानं सांगितलेलं काम मात्र दोन्ही वेळा करते.

आज सकाळी मी भाकरी करत होते, छाया पाणी गाळत होती. उर्वशी झोळीत उठली आणि रडली. आम्ही दोघीही उठलो. मी परत खाली बसले. छायानं तिला घेतलं, आणि ती गप्प झाली.

हे पत्र उद्या सकाळच्या बसच्या ड्रायव्हरजवळ देते, दुपारच्या बसनं मी सौंसरला येते. घरी जायला अजून धीर होत नाही, चार दिवस तुमच्याजवळ ठेवून घ्या. काही विचारू नका, जेवायला तेवढं वाढा.

तुमची लेक,
मृणाल