जसंच्या तसं पान

यवतमाळ,
१४ डिसेंबर २००६

प्रिय अमर,

पत्र पाहून दचकू नकोस. हे विमलताईंच्या वधू-वर केंद्राचं कळवणं नाही; त्यांना या पत्राचा पत्ताही नाही. दिवाळीआधी तू वेबसाइटवरच्या तुझ्या माहितीचं छापलेलं पान घेऊन केंद्रात आलास आणि टेबलावर आपटलंस, तेव्हा मागच्या कॉम्प्युटरवर मी बसले होते. दिग्रसच्या कॉलेजात आपण एका वर्गात होतो, तरी मला ओळखायला तू जरा वेळच लावलास. मग म्हणालास, "सुरभी, तू इथं काय करून राह्यली?" ताईंसमोर उत्तर देता आलं नाही, ते आता देते.

केंद्राची वेबसाइट मी चालवते. तू अर्जात लिहिलं होतंस, 'शेती. कोरडवाहू कापूस, मारेगाव.' सर्व्हरवर ते आजही तसंच आहे. पण कुणी पान उघडलं की ते तिथून निघताना माझी स्क्रिप्ट, म्हणजे मी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, त्याला दारात थांबवते, मुलगी दाखवण्याआधी करतात तशी जरा पावडर लावते आणि मग बाहेर सोडते. 'शेती' दिसली की तिथे 'स्वतःचा व्यवसाय'. हुकूम ताईंचा. कापसाचं नाव काढलं की मुलींचे बाप फोन ठेवतात, म्हणून. स्क्रिप्टला स्थळ कुणाचं ते कळत नाही, त्यामुळे मुलींचे वडीलही व्यावसायिक झाले आणि एका दुपारीत आमच्या वेबसाइटवर शेती करणारा औषधालाही उरला नाही. खरं सांगते, मला हसू आलं होतं.

तुला आलं नाही. "मी कापूस पेरतो, ताई. हे कोनाचं पान आहे?" ताई म्हणाल्या, "अरे बाप्पा, खरं लिहिलं तं पोरगी कोन देईन तुले?" त्यावर तू, "नाही देल्ली तं नाही देल्ली." तू गेल्यावर मी स्क्रिप्टमध्ये एक अट घातली, की तुझं पान जसंच्या तसं जाऊ द्यायचं. ताईंना सांगितलं नाही.

परिणाम तुला ठाऊक आहे. आधी विचारणा होत होती, ती थांबली. लोक तुझं पान उघडतात, वाचतात, बंद करतात. मला इथे दिसतं. याच लोकांनी आपापल्या अर्जात 'मुलाच्या नावावर शेती असावी' असं लिहिलेलं आहे. जमीन हवी, ती कसणारा नको. गेल्या आठवड्यात तुझ्या आईचा, मैनाकाकूंचा फोन आला होता, पोराचं कुठं अडलं म्हणून. ताईंनी तुझ्या पत्रिकेवर ढकललं. काकूंचा आवाज मला ऐकू येत होता. फार वाईट वाटलं. तुझा हट्ट चुकीचा आहे असं मात्र एकदाही वाटलं नाही.

आता कामाचं. माझंही नाव केंद्रात आहे, बाबांनी नोंदवलेलं. परवा मारेगावहून तू माझं पान उघडलंस आणि बराच वेळ बंद केलं नाहीस. त्यात शेवटी लिहिलंय, 'शेतकरी स्थळ चालणार नाही.' तू उघडशील तेव्हा तेवढी ओळ गाळायची, हे माझ्या हातचं काम होतं. लिहून पाहिलं आणि पुसून टाकलं. तुला ते आवडलं नसतं. ओळ तिथेच आहे, पण ती बाबांची आहे. काल जेवताना त्यांना तुझ्याबद्दल सांगितलं. आज सकाळी चपला घालताना ते म्हणाले, "बोलाव पोराले. पाहू कसा आहे तं." तेव्हा मैनाकाकूंना घेऊन ये. यायचं नसेल तर तेही सरळ लिही, मी रडेन आणि कामाला लागेन. शेतकरी चालेल का, हे अर्ज भरताना मला कुणी विचारलंच नव्हतं. चालेल. तू असशील तर.

तुझीच, तुझी हरकत नसेल तर,
सुरभी