फ्यूजच्या जागची तार

मंगळवार, शिनोली. संध्याकाळ.

तीनदा हात धुतले, जळक्या वायरचा वास जात नाही.

तळेघरच्या बबनकाकांची जुनी जीप आज माझ्या गॅरेजवर ओढत आणली. डॅशबोर्डखालचं वायरिंग वितळून एक गोळा झालं होतं. धूर दिसताच मागे बसलेल्या बायका उतरल्या, म्हणून वाचल्या. काका म्हणाले, "उंदरांनी खाल्लं असंल, ताई."

एकेक वायर सोडवत गेले. हेडलाइटच्या फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार. करंट वाढला की फ्यूज जळून वायरिंग वाचवतो. तार वाचवत नाही. कुणा मूर्खाने घातली, असं म्हणणार होते. तेवढ्यात तिच्यावरची टेप दिसली. टोक दुमडलेलं. नंतर सोडवायला सोपं जावं म्हणून असं टोक मीच दुमडते.

पावसाळ्यात काका आले तेव्हा माझ्याकडचे फ्यूज संपले होते, म्हणून एका दिवसापुरती तार घातली. "उद्या या, बदलते," म्हटलं होतं. ते आले नाहीत. मी फोन केला का? नाही. टेपचं टोक मात्र नीट दुमडलं होतं.

उंदरांवर ढकलता आलं असतं.

"काका, ही तार मी घातली होती."

काकांनी तार हातात घेऊन पाहिली. मग म्हणाले, "मागं आमची सून बसली व्हती. सातवा महिना हाय तिला."

जीप त्यांनी दुरुस्तीला माझ्याकडेच ठेवली आहे. का, ते विचारायची हिंमत झाली नाही.