बाटल्यांच्या सुताचा कारखाना कोणाचा

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, विधवा, धंदा वापरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासून सूत काढून कापड विणणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. आज सकाळीच डॉक्टरांनी तपासून दाखला दिला. मुलाने शंका काढू नये म्हणून तो सोबत जोडला आहे.

एक. राहते घर मुलाला. ते त्याच्या वडिलांनी बांधले, त्यावर त्याचा हक्क आहे.

दोन. थोरल्या दिरांना माझ्या पहिल्या ताग्यातले वारभर कापड. नवरा गेल्यावर त्यांनी मला घरच्या मागावरून उठवले आणि मी बाटल्यांच्या सुताचा बेत सांगितला तेव्हा, कचरा कोण अंगावर घेणार, असे चारचौघांत विचारले. मी भाड्याच्या शेडमध्ये बाटल्या धुतल्या, चुरा वितळवून धागा ओढला. दोन वर्षे तो हातातच तुटायचा. तिसऱ्या वर्षी टिकला. दिरांनी कापड हवे तेवढे ताणून बघावे.

तीन. कारखाना, यंत्रे व माग मुलाला नाहीत. कारण लिहून ठेवते. तीन वर्षांपूर्वी मोठी मागणी आली, बाटल्या कमी पडल्या. त्याने मला अंधारात ठेवून नव्या प्लॅस्टिकचा दाणा मिसळला आणि चादरींवर 'वापरलेल्या बाटल्यांपासून' अशी चिठ्ठी शिवली. सूत नको तितके पांढरे दिसले म्हणून मी विचारले.

"आई, कोणाला कळणार आहे?"

"मला कळलं ना," एवढेच म्हणून मी त्याच्यादेखत चिठ्ठ्या उसवायला बसले. चारशे चादरी होत्या. बाटल्या निवडणारी बाई, जिला सगळे चष्मेवाली म्हणतात, ती न बोलावता शेजारी येऊन बसली. मागणी हातची गेली. मुलाने वर्षभर अबोला धरला. पोटचा गोळा तो, रोज जीव तुटायचा. पण मी माघार घेतली नाही, आजही घेत नाही.

कारखाना चष्मेवालीचा.

चार. मुलाला तिथे काम हवे असल्यास ती देईल, तसा मी तिचा शब्द घेतला आहे. सुरुवात मात्र बाटल्यांची झाकणे काढण्यापासून.

साक्षीदार: आमचे डॉक्टर आणि शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. दोघांनीही मला सही करताना पाहिले. दोघांनाही यातून सुतळीचा तोडाही मिळणार नाही.

ठिकाण: कारखान्याची वरची खोली. महिन्याची चार तारीख, सोमवार.

सही थरथरलेली दिसेल, म्हणून शेजारी अंगठाही उठवला आहे. आता कोणाला कोर्टात जायचे असेल, तर खुशाल जावे.