ग्रहणाच्या दिवशी अंगणात

११ फेब्रु. ८०, सोम.
प्राचार्यांनी बोलावलं. शनिवारी सूर्यग्रहण, म्हणून कॉलेज बंद, दुर्बीण काढायची नाही, गच्चीला कुलूप. मी म्हटलं, खगोलाच्या पेपरला पाच मुली बसल्यात, औरंगाबादला ग्रहण कधी लागणार ते त्यांनी खपून काढलंय, ते ताडून बघायचं नाही? तर माझ्या पोटाकडं बघत म्हणाले, "तुमच्याच काळजीनं सांगतोय." सहावा महिना. काळजी! वर्गात जाऊन सांगितलं, दुर्बीण नसली तरी चालेल. ज्यांना यायचंय त्यांनी छावणीत माझ्या घरी या.

१३, बुध.
सासूबाई गंगापूरहून एसटीनं आल्या, खास शनिवारसाठी. मी अंधाऱ्या खोलीत बसायचं. चिरायचं नाही, शिवायचं नाही, हलायचंसुद्धा नाही. नाही म्हटलं. ह्यांचं म्हणणं, एवढ्या वेळी ऐक. ह्यांनाही नाही म्हटलं.

१४
भाजी निवडताना सासूबाई आपणहून बोलल्या. ह्यांच्या आधीची एक मुलगी. ओठ फाटलेला, दूध ओढता येईना, महिन्यात गेली. पोटुशी असताना ग्रहणात कांदा चिरला होता, असं घरात ठरलं.
"तवापास्नं समदी म्हणत्यात, मीच मारली."
मी सांगितलं, आत्याबाई, ग्रहणानं असं होत नाही. तुमचा काही दोष नव्हता.
"मंग कुणाचा?"
आता आत बसणं शक्यच नाही. बसले तर त्या कांद्याच्या बाजूनं मीही साक्ष दिल्यासारखं.

१६, शनि.
रस्ते ओस. पाचांपैकी दोघीच आल्या, विमल आणि शकीला. आरशावर कागद चिकटवला, मधे बारीक भोक. अंगणात, भर उन्हात, आरसा धरून मी उभी. कवडसा खिडकीतून अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर. पुरीएवढा सूर्य. समोरच्या घरातले दार किलकिलं करून माझ्याकडं बघत होते. बघू दे.
कड खाल्ली गेली, तशी विमलनं आतून हाक दिली, लागलं म्हणून. गणित थोडं चुकलं होतं. कुठं चुकलं यावर दोघींचा वाद, शेवटपर्यंत.
सासूबाई त्याच खोलीत डोळे मिटून जप करत होत्या. शकीलानं नंतर सांगितलं, मधेच त्यांनी डोळे उघडले, विचारलं, "ह्योच का त्यो?" मग कोर होऊन परत भरेपर्यंत भिंतीवरची नजर काढली नाही.
हे बाहेर आले, माझ्याजवळ स्टूल ठेवून गेले. बसले नाही मी.

१८, सोम.
प्राचार्यांनी लेखी खुलासा मागितलाय. पुढच्या वर्षी खगोलाचा पेपर ठेवायचा की नाही, विचार होणार म्हणे. माफी मागणार नाही. गणित कुठं चुकलं, तेवढं लिहीन.
सासूबाई सकाळी गेल्या. स्टँडवर माझा हात धरून म्हणाल्या, "काय बी झालं, कसं बी असलं, आधी मला कळव. दुसऱ्या कुणाला बोलू द्यायची नाय मी."
ग्रहण असो नसो, काही बाळं व्यंग घेऊन येतातच, ते मला माहीत आहे. आमच्याकडं तसं झालं तर बोट माझ्याकडंच वळणार. वळू दे.
दुपारपासून पोटात हालचाल नाही. झोपलं असेल. खुलासा लिहायला बसते.