घंटी वाजते तोवर

परभणी,
दि. १० डिसेंबर २०२३

ती. आक्कांस,
सविताचा शि. सा. न. वि. वि.

इकडे आम्ही दोघं खुशाल. तुमच्या कानाचं यंत्र दुरुस्त होऊन आलं का? फोनवर मी सांगते एक आणि तुम्ही ऐकता तिसरंच, म्हणून पुन्हा कागद घेऊन बसले.

बातमी अशी, की तुमच्या भावानं मला सायकल शिकवली. तीही पन्नाशी ओलांडल्यावर. एसटीतून निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं, आता घरात बसून माझ्या भाजीतलं मीठ मोजतील. तर हे दोन सायकली घेऊन आले, त्यातली एक माझ्यासाठी बिनदांड्याची. रोज सकाळी विद्यापीठाच्या रस्त्यावर जातो. सुरुवातीला गुडघे फोडून घेतले. शेजारच्या कमलबाई दारात उभ्या राहून बघायच्या आणि मी पडले की हळद घेऊन यायच्या.

माझी खोड एकच, सारखं मागं वळून बघायची. मान वळली की चाक वळतं आणि मी खड्ड्यात. शेवटी ह्यांनी नियम घातला. मी पुढं जायचं, मागं अजिबात बघायचं नाही. हे मागून येतील आणि थोड्या थोड्या वेळानं घंटी वाजवतील. घंटी वाजते तोवर हे आहेत, असं समजायचं. ही युक्ती मूळ तुमचीच म्हणे. लहानपणी तुम्ही कॅरिअर धरून, धरलंय धरलंय असं ओरडत मागं पळत होता आणि त्या भरवशावर हे मारुतीच्या पारापर्यंत गेले. अजून ऐकवतात, आमच्या आक्कानं शेवटपर्यंत हात सोडला न्हाई.

आता ठरलंय, की घरापासून पोखर्णीच्या नरसिंहापर्यंत मी एकदा तरी पाय न टेकता जायचं. दर रविवारी निघतो आणि दर रविवारी मी कुठंतरी पाय टेकतेच. मग देवापुढं नारळ फोडत नाहीत, म्हणतात तो तुझ्या नावचा आहे, राहू दे. आणि वर शिकवण असते. जिद्द पायात ठेवायची, पण आतून थांब असं वाटलं की जिद्द बाजूला ठेवून थांबायचं. निम्मी शिकवण मला रस्त्यातच विसरायला होते.

मुंजाजीला मामीचे आशीर्वाद. माया आहेच, ती अशीच राहू द्या.

आपली,
सौ. सविता

*

चुडावा,
दि. २ जानेवारी २०२४

चि. सौ. सवितास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून पदर तोंडाला लावून हसले. मुंजाजी म्हणाला, मी वाचून दाखवतो, तर त्याला सांगितलं, बाबा, कान गेलेत, डोळे शाबूत हायेत. भावजयीनं सायकलवर फिरायचं आणि नणंदेनं घरात गुडघ्याला तेल चोळायचं, बरा न्याय आहे. आमच्या वेळी पोरीनं सायकल मागून धरायची असायची, चालवायची नसायची.

एक विचारते, रागावू नको. परवा लग्नात भागवत जिना चढून वर आला तेव्हा त्याचा चेहरा मला पांढरा दिसला. मी म्हटलं तर म्हणाला, आक्का, मला काय धाड भरली, लय भारी हाय मी. तो ऐकणार नाही. तूच त्याला डॉक्टरकडे घेऊन जा आणि मला कळव.

पोखर्णीचा तो नारळ फुटला की प्रसादाचा तुकडा माझ्यासाठी ठेव. दोघांनी जपून राहा, मला तुमच्याशिवाय माहेर नाही.

तुझी आक्का,
धुरपता

*

चुडावा,
दि. ३ मार्च २०२४

चि. सवितास,

नावाआधी सौ. लिहायला हात गेला आणि तिथंच थांबला. दोन दिवस कागद तसाच पडला होता.

तेराव्याला चार माणसांत बोलायचं नव्हतं. आता लिहिते. त्या सायकलीनं माझा भाऊ खाल्ला. जिद्द तुझी होती आणि छाती फाटली त्याची. साठीला टेकलेला माणूस बायकोच्या हौसेपायी पोखर्णीच्या रस्त्यावर ऊर फुटेपर्यंत पाय मारत राहिला, आणि तू पुढं होतीस. तुला मागं बघायचं नव्हतं.

दोन्ही सायकली भंगारात घाल. त्या अंगणात असेपर्यंत मी तुझा उंबरा ओलांडणार नाही. घातल्यास की कळव.

धुरपता

*

परभणी,
दि. २४ मार्च २०२४

ती. आक्कांस,
सविताचा शि. सा. न. वि. वि.

दोन्ही सायकली अजून अंगणातच आहेत. तुमच्याशी खोटं कशाला लिहू.

तुमचं जानेवारीतलं पत्र आलं तेव्हाच ह्यांना डॉक्टरकडे नेलं होतं. तपासणीत काही निघालं नाही. हे येताना मलाच चिडवत होते, की आता आक्काला कळव तिचा भाऊ घोडा हाय म्हणून.

त्या रविवारी मी नेहमीच्या सगळ्या जागा पाय न टेकता ओलांडल्या होत्या. समोर पोखर्णीची घरं दिसायला लागली. आणि माझ्या ध्यानात आलं, की घंटी ऐकून बराच वेळ झालाय. पाय म्हणत होते, एवढंच राहिलंय, पोच आधी. पण मनात पाल चुकचुकली. मी पाय टेकला आणि वळले, आक्का. तिथल्या तिथं वळले.

हे बाभळीखाली बसले होते. सायकल नीट स्टँडवर लावलेली. शर्ट घामानं चिंब. मला बघून हसले आणि म्हणाले, टेकलास ना पाय. मग म्हणाले, घंटी वाजवायला गेलो तर अंगठाच हलंना. मी एक टेम्पो थांबवला. त्यांचा हात माझ्या हातात होता. परभणी यायच्या आत तो सैल पडला. पाय न टेकता मी पोचले असते, तर हे त्या बाभळीखाली एकटेच गेले असते. एवढं एकच समाधान माझ्याजवळ आहे, आणि ते पुरत नाही.

त्यांच्या नावानं एकदा पोखर्णीला जावं असं फार वाटतं. रोज सकाळी सायकल काढते. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाते, मागून घंटी येत नाही आणि मान आपोआप वळते. मागं कुणी नाही हे मला ठाऊक आहे, तरी वळते. परवा आडवी पडले. कमलबाईंनी उठवून घरात आणलं आणि त्याच माझ्याआधी रडायला लागल्या.

तुम्ही म्हणाल तर सायकली भंगारात घालते. तुमच्यापुढं मला लोखंड मोठं नाही. फक्त एकदा तिथवर पोचू द्या, आणि नंतर तुम्ही या. हे घर ह्यांच्याइतकंच तुमचं आहे. रागावलात तरी माया आटू देऊ नका.

आपली,
सविता

*

चुडावा,
दि. २ एप्रिल २०२४

चि. सवितास,
अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रात मी नको ते लिहिलं. भाऊ गेल्यावर कुणावर तरी ओरडायचं होतं आणि तू जवळची होतीस. ते पत्र चुलीत घाल. सायकली राहू दे.

तुला एक सांगते, जे भागवतला सांगायचं राहून गेलं. मारुतीच्या पारापर्यंत मी गेलेच नव्हते. विहिरीच्या वळणावरच माझा दम उखडला आणि कॅरिअरवरचा हात सुटला. मी तिथंच उभी राहून, धरलंय धरलंय असं ओरडत राहिले. तो आपला निघाला सरळ, मान ताठ, मागं न बघता. परत आला तेव्हा इतका खूश होता, की मी गप्प बसले. पुढं तो जगाला सांगत सुटला, की आक्कानं हात सोडला नाही. मग मलाही वाटायला लागलं, की खरंच सोडला नसेल. जीव तर त्याच्या मागंच होता ना माझा.

आता त्याचा हात सुटलाय, बाई. तो काही येत नाही. रडायचं तेवढं रड, मीही इथं रडतेय.

पण रविवारी तू निघ. माझ्यानं काही तुझ्या मागं पळवणार नाही आणि तुझी घंटी मला ऐकू येणार नाही. ओरडता मात्र अजून येतं. सकाळी अंगणात उभी राहून मी परभणीकडं तोंड करून ओरडणार आहे. मुंजाजीला वाटू दे म्हातारीला वेड लागलं. तू मान वळवू नको. नारळ फोडलास की प्रसाद घेऊन घरीच थांब, मी दुपारच्या गाडीनं येते.

धरलंय, सविता. धरलंय.

तुझी आक्का,
धुरपता