टेबल वर घेणारी पिढी

६ मार्च
माझ्या हाताखाली नवी ज्युनिअर भूलतज्ज्ञ आली आहे. इतकी ताठ की मनात तिचं नाव फूटपट्टी ठेवलं. पेशंटच्या घशात नळी घालायच्या आधी ऑपरेशनचं टेबल वर घेत बसली. पेशंटचं तोंड आपल्या छातीच्या लेव्हलला हवं म्हणे, नाहीतर कंबर जाते. मी म्हटलं, आमच्या पिढीत माणूस टेबलाकडे जायचा. सगळे कामाला लागले. पटलं असावं.

संध्याकाळ
कंबर किंचित धरली आहे. गाडीची सीट भिकार.

९ मार्च
उद्यापासून व्यायाम. कंबरेसाठी नव्हे, एकूणच.

१० मार्च
व्यायाम नाही. आधी गादी बदलायला हवी. बायको म्हणाली, त्याच गादीवर मीही झोपते. तिला यातलं काय कळतं?

१४ मार्च
फिजिओथेरपिस्ट बाई माझा फोटो मागायला आल्या. ‘काम करताना कसं उभं राहावं’ या लेक्चरसाठी. म्हणाल्या, तुमच्यासारखं उदाहरण अख्ख्या हॉस्पिटलमध्ये नाही. बाईंना पारख आहे. लगेच वाकून दाखवलं. आमचे विभागप्रमुख रिटायर होतायत आणि लेक्चरला डीनसाहेब असणार. खुर्ची खिशात.

१८ मार्च
बायकोनं मोजे चढवून दिले. हल्ली मोजे फार घट्ट बनवतात.

२१ मार्च, दुपार
बायकोला घेऊन पहिल्या रांगेत बसलो. पहिलाच फोटो माझा, भिंतभर. नाक जवळजवळ पेशंटच्या नाकाला टेकलेलं. त्यावर लाल फुली. शेजारच्या फोटोत फूटपट्टी, ताठ उभी, हिरव्या खुणेसकट. निषेध करायला ताडकन उठलो. निम्मा उठलो. पुढे कंबर हलेना. डीनसाहेब एकदा भिंतीकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. बाई म्हणाल्या, सरांनी प्रात्यक्षिकही दिलं, त्यांचे आभार. टाळ्या पडल्या. बायकोनंही वाजवल्या.

३० मार्च
खुर्ची दुसऱ्याला गेली. असल्या खुर्चीत बसण्यात मला रस नाही. तसंही बसता येत नाही.

४ एप्रिल
आडवा पडून लिहितोय. उद्या माझ्या मणक्याचं ऑपरेशन. भूल कोण देणार विचारलं, तर फूटपट्टी. संध्याकाळी ती तपासायला आली, तोंड उघडायला लावलं, मान वळवून बघितली. काही विचारायचंय का, म्हणाली. मी म्हटलं, मला काय विचारायचंय, हयात गेली यात.

ती दारापर्यंत गेली आणि मला एकदम भीती वाटली. हाक मारली. म्हटलं, डॉक्टर, उद्या टेबल नीट वर घ्या.