आपोआप

प्रिय घुमी,

हे नाव वाचून गाल फुगवशील, ठाऊक आहे. पण पाहुण्यांसमोर कविता म्हण म्हटलं की तू तोंडाला कुलूप लावायचीस आणि तुझी आई पडद्याआडून तुझ्याऐवजी ती कविता म्हणायची. तेव्हापासून तू घुमीच.

आई गेल्यावर तिच्या आवाजातल्या त्या शाळेच्या कवितांची वेबसाइट तू उभी केलीस, आणि मी तुझ्याकडे राहायला यायला नकार दिला तेव्हा ती माझ्या हवाली करून रागाने निघून गेलीस. जाताना एवढंच बोललीस: "सुरक्षेचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेत तुमचं खातं उघडा, संपर्काला ईमेल द्या. पुढचं नूतनीकरण आपोआप होईल." त्यानंतर तुझा फोन नाही, माझाही नाही.

खातं मी उघडलं. पण 'आपोआप' या शब्दावर माझा कधीच भरवसा नव्हता. आई म्हणायची ना, "घरात आपोआप काही होत नाही, कुणीतरी उठतं म्हणून होतं." मी ती सोय बंद करून टाकली, म्हटलं, वेळ आली की आपल्या हाताने करू. आणि संपर्काच्या रकान्यात बोटं सवयीने आईचाच ईमेल पत्ता लिहून गेली. मुदतीच्या सूचना मग वाचणार कोण?

आठवलं तेव्हा मुदत केव्हाच उलटली होती. धास्तावून साइट उघडली. वाटलं, 'ही साइट सुरक्षित नाही' अशी पाटी झळकेल आणि ऐकणारे आईच्या दारातूनच मागे फिरतील. तर साइटच्या पत्त्याशेजारचं ते सुरक्षेचं चिमुकलं कुलूप जागच्या जागी! प्रमाणपत्रही कोरं करकरीत. मला आनंद झाला नाही, मी चरकलो. आपल्या दाराला परक्याने गुपचूप कुलूप घालावं, ते काय फुकट?

संशय गेला कोपऱ्यावरच्या संगणक दुरुस्तीवाल्यावर. मागे कीबोर्ड साफ करायला आला तेव्हा म्हणाला होता, "काका, काकूंचा आवाज फार गोड हो." तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. यानेच पासवर्ड टिपला असणार! मी साइटचे सगळे पासवर्ड बदलले, आणि बदललेले विसरलो. शेवटी त्यालाच बोलवावं लागलं. चोराच्या हाती किल्ल्या! त्याच्या पाठीला खुर्ची लावून बसलो, तर म्हणतो, "काका, जरा मागे सरका, मानेला श्वास लागतोय तुमचा."

खाटखुट करून नवे पासवर्ड दिल्यावर तो म्हणाला, "आपोआप झालं असेल." मी खेकसलो, "बंद केलंय मी ते!" तसा साइटच्या आत शिरून बघू लागला. "इथे दोन खाती आहेत. एक काकूंच्या पत्त्याचं, पडून असलेलं. प्रमाणपत्र आलंय दुसऱ्यावरून. काका, ही घुमी कोण?"

हे नाव बाहेर कुणाला ठाऊक नाही गं. तो गेल्यावर मी आईची एक कविता लावली आणि कितीतरी वेळ त्या कुलपाकडे बघत बसलो. मी नाही केलं, म्हणून तू उठून केलंस. एक शब्द न बोलता.

पण माझ्या संशयापायी घोटाळा झालाय. तुझं खातं आहे, पण साइटचे पासवर्ड बदलल्यामुळे तू आता दाराबाहेर आहेस, आणि पुढची मुदत आली की तुला आत शिरता येणार नाही. नवा पासवर्ड पत्रात लिहीत नाही. पत्रं वाटेत कोण फोडतं, काय सांगावं! म्हणून, फोन कर. मी तो हळूच तुझ्या कानात सांगेन. मात्र त्या वेळी घुमी राहू नकोस.

तुझाच, चोर सापडलेला,
बाबा